शरणागतीच्या रात्री निघून गेलेला सेनापती : गॉर्डन बेनेट प्रकरण

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी संध्याकाळी सिंगापूरच्या बुकित तिमा भागातील फोर्ड मोटारीच्या कारखान्यात लेफ्टनंट जनरल आर्थर पर्सिव्हल यांनी जपानी सेनापती तोमोयुकी यामाशिता यांच्यासमोर शरणागतीच्या कागदावर सही केली. गोळीबार रात्री साडेआठला थांबायचा होता. ब्रिटिश, भारतीय आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांनी आपापल्या जागी थांबावे आणि जपान्यांच्या ताब्यात जाण्याची वाट पाहावी, असा हुकूम सुटला. त्याच रात्री ८ व्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल हेन्री गॉर्डन बेनेट यांनी डिव्हिजनची सूत्रे तोफखान्याचे प्रमुख ब्रिगेडियर सेसिल कॅलहन यांच्याकडे सोपवली आणि दोन अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन ते अंधारातून समुद्रकिनाऱ्याकडे निघाले. पर्सिव्हल यांना त्यांनी काही कळवले नाही. सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक मागे राहिले आणि पुढची साडेतीन वर्षे जपानी कैदेत होते. बेनेट २ मार्चला मेलबर्नमध्ये पोहोचले.

हे कृत्य योग्य होते का, या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात एक लष्करी चौकशी झाली, एक न्यायालयीन आयोग बसला, कायद्याच्या नियतकालिकात वाद झाला आणि त्यानंतरही मतभेद मिटले नाहीत. प्रकरणाची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला बेनेट पळपुटे ठरतात, तर दुसऱ्या टोकाला ते लष्करी नोकरशाहीने बळी घेतलेला शूर पुरुष ठरतात. मला दोन्ही चित्रे अपुरी वाटतात. त्या रात्रीचा निर्णय त्या रात्री झालेला नव्हता. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या लष्करी स्वभावातून तो आलेला होता. म्हणून आधी त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिले पाहिजे.

हिशेबनीस आणि योद्धा

बेनेट यांचा जन्म १८८७ मध्ये मेलबर्नजवळच्या बाल्विन येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. तरुणपणी ते विमा कंपनीत हिशेबाचे काम करत आणि १९०८ पासून मिलिशियात, म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या नागरी सेनेत अधिकारी होते. ऑस्ट्रेलियन लष्कर समजून घ्यायचे तर हा भेद लक्षात ठेवावा लागतो. तिथे शांततेच्या काळात कायमस्वरूपी अधिकाऱ्यांचा वर्ग लहान होता. युद्ध आले की सैन्याचा मोठा भाग याच नागरी सेनेतून आणि स्वयंसेवकांतून उभा राही. दोन्ही वर्गांत एकमेकांविषयी संशय असे. कायमस्वरूपी अधिकाऱ्यांना वाटे की बाकीचे हौशी आहेत, तर नागरी सेनेतल्यांना वाटे की रणांगणावर आम्ही लढतो आणि पदे मात्र कचेरीत बसणाऱ्यांना मिळतात. बेनेट यांच्याइतक्या कडवटपणे ही दुसरी भावना कोणी बाळगली असेल असे मला वाटत नाही.

पहिल्या महायुद्धातली त्यांची कामगिरी खरोखर असामान्य होती. २५ एप्रिल १९१५ रोजी ते ६ व्या पलटणीचे दुय्यम अधिकारी म्हणून तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्याच दिवशी जखमी झाले. त्यांना रुग्णालयाच्या जहाजावर हलवण्यात आले, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते परवानगी न घेताच जहाजावरून निघून पुन्हा आघाडीवर हजर झाले. मे महिन्यात क्रिथिया येथे पलटणीची भयंकर हानी झाली. त्यानंतर पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ते ३ ऱ्या ब्रिगेडचे प्रमुख झाले आणि ऑस्ट्रेलियन सैन्यातील सर्वांत तरुण जनरल ठरले. त्यांच्या वैयक्तिक धैर्याविषयी पुढे त्यांच्या शत्रूंनीही शंका घेतली नाही, आणि या प्रकरणात ही गोष्ट पहिल्यापासून बाजूला काढून ठेवणे न्याय्य आहे. गॅलिपोलीच्या त्या जहाजाचा प्रसंग मात्र मी मुद्दाम सांगितला. हुकूम आणि स्वतःची कर्तव्याची कल्पना यांत विरोध आला की बेनेट दुसरीच्या मागे जात. १९१५ मध्ये ती वाट शत्रूच्या दिशेने गेली, म्हणून तिचे कौतुक झाले.

दोन युद्धांच्या मधल्या काळात त्यांनी कपड्यांचा व्यवसाय केला, लेखापाल म्हणून काम केले, सिडनी शहराचा कारभार पाहणाऱ्या तीन आयुक्तांपैकी एक म्हणून काम पाहिले आणि १९३० मध्ये ते मेजर जनरल झाले. १९३७ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांतून लेख लिहून देशाच्या संरक्षणनीतीवर आणि कायमस्वरूपी अधिकाऱ्यांवर उघड टीका केली. त्याबद्दल लष्करी मंडळाने त्यांना समज दिली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ज्येष्ठता असूनही परदेशी जाणाऱ्या सैन्याचे नेतृत्व थॉमस ब्लेमी यांना मिळाले. बेनेट घरी बसले. ऑगस्ट १९४० मध्ये कॅनबेराजवळ झालेल्या विमान अपघातात लष्करप्रमुख ब्रूडनेल व्हाइट मृत्युमुखी पडले, त्यांच्या जागी व्हर्नन स्टर्डी गेले आणि स्टर्डी यांच्याकडची ८ वी डिव्हिजन बेनेट यांना मिळाली. एका अपघातामुळे मिळालेली ही संधी होती, आणि ती आपल्याला उशिरा, नाइलाजाने दिली गेली आहे हे ते कधी विसरले नाहीत.

मलाया

डिव्हिजनचा पहिला भाग फेब्रुवारी १९४१ मध्ये मलायात पोहोचला. बेनेट यांना ऑस्ट्रेलियन सरकारने दिलेल्या अधिकारपत्राकडे इथे लक्ष दिले पाहिजे. लढाईच्या कामकाजात ते मलायातील ब्रिटिश सेनापतीच्या हुकमाखाली होते. परंतु ऑस्ट्रेलियन सैन्य एकसंध ठेवण्याची जबाबदारी त्यांची होती आणि आपल्या सरकारशी थेट पत्रव्यवहार करण्याचा हक्क त्यांना होता. एकाच माणसावर दोन धन्यांची सेवा आली. डोके शांत असलेला अधिकारी अशी व्यवस्था सांभाळून नेऊ शकतो, कारण दोन्हीकडे सर्व काही उघड सांगत राहिले की गाठ बसत नाही. बेनेट यांचा स्वभाव तसा नव्हता. स्वतःच्या हाताखालच्या २२ व्या ब्रिगेडचे प्रमुख हॅरल्ड टेलर यांच्याशी त्यांचे पटत नव्हते, स्वतःच्या कचेरीतील कायमस्वरूपी अधिकाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि ब्रिटिश वरिष्ठांविषयी त्यांचे मत वाईट होते.

८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानी सैन्य कोटा भारू येथे उतरले आणि पाच आठवड्यांत द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ येऊन पोहोचले. १४ जानेवारीला गेमासजवळच्या पुलावर ऑस्ट्रेलियन पलटणीने रचलेल्या सापळ्यात जपान्यांचे बरेच सैनिक मारले गेले आणि बेनेट यांना वाटले की आता पारडे फिरले. त्याच वेळी पश्चिमेला मुआर नदीवर मात्र अनर्थ घडत होता.

मुआरची बाजू बेनेट यांच्या अखत्यारीतील ४५ व्या भारतीय ब्रिगेडकडे होती. ही ब्रिगेड ज्या १७ व्या भारतीय डिव्हिजनची होती, ती डिव्हिजन जुलै १९४१ मध्ये आपल्या अहमदनगरला उभी राहिली होती. जाट, गढवाल आणि राजपुताना रायफल्सच्या या पलटणींत अर्धवट शिकलेली कोवळी पोरे होती. जंगलातल्या लढाईचे त्यांना कसलेही शिक्षण नव्हते. अशी ब्रिगेड नदीकाठी लांबवर पसरवून ठेवली गेली आणि प्रत्येक पुढच्या पलटणीचा काही भाग नदीच्या पलीकडे, शत्रूच्या बाजूला होता. समोर जपानची इम्पीरियल गार्ड्स डिव्हिजन आली. काही दिवसांत ब्रिगेडियर डंकन आणि तिन्ही पलटणींचे प्रमुख मारले गेले. मदतीला पाठवलेल्या दोन ऑस्ट्रेलियन पलटणींसह उरलेल्यांची सूत्रे लेफ्टनंट कर्नल चार्ल्स अँडरसन यांनी हाती घेतली आणि रस्त्यावरचे अडथळे फोडत त्यांनी पारित सुलाँगच्या पुलापर्यंत वाट काढली. पूल शत्रूच्या हाती असल्याने चालू शकणाऱ्यांना जंगलातून पांगून जाण्याचा हुकूम द्यावा लागला. सुमारे पाचशे ऑस्ट्रेलियन आणि चारशे भारतीय सैनिक परत पोहोचले. हलवता न आलेल्या सुमारे दीडशे जखमींची, ज्यांत ऑस्ट्रेलियन आणि भारतीय दोघेही होते, जपान्यांनी २२ जानेवारीला कत्तल केली. अँडरसन यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मुआरच्या मांडणीची जबाबदारी बेनेट यांच्याकडे जाते. निघून जाण्याच्या वादात ही बाब क्वचितच येते, आणि आपल्याकडच्या वाचकाला ती खटकली पाहिजे. ऑस्ट्रेलियात जो प्रश्न तीस-चाळीस वर्षे चघळला गेला, तो एका सेनापतीने आपल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना सोडण्याचा होता. त्याच सेनापतीच्या हाताखाली संपून गेलेल्या भारतीय ब्रिगेडविषयी कोणताही आयोग बसला नाही.

निर्णय केव्हा झाला

३१ जानेवारीला उरलेले सैन्य सिंगापूर बेटावर परतले आणि बेटाला मलायाच्या दक्षिण टोकाच्या जोहोर संस्थानाशी जोडणारा बांध सुरुंगाने फोडण्यात आला. परंतु त्याच्या काही दिवस आधीच बेनेट यांनी त्यांचे स्नेही जोहोरचे सुलतान इब्राहिम यांची भेट घेतली होती, आणि कैदी व्हायची वेळ आली तर निसटण्याचा आपला विचार असल्याचे व त्यासाठी होडीची गरज पडेल असे त्यांच्यापाशी सूचित केले होते. त्या वेळी सिंगापूरची लढाई सुरूही झाली नव्हती.

८ फेब्रुवारीच्या रात्री जपान्यांनी बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर हल्ला चढवला. तिथे टेलर यांच्या २२ व्या ब्रिगेडच्या तीन पलटणी सुमारे सोळा किलोमीटरच्या खारफुटीच्या किनाऱ्यावर विखुरलेल्या होत्या. आघाडी फुटली. पुढच्या आठवड्यात एकेक रेषा मागे येत शहराभोवती आकसली, जलाशय शत्रूच्या हाती गेले आणि लाखो नागरिक तोफांच्या टप्प्यात सापडले. याच दिवसांत बेनेट यांनी पर्सिव्हल यांना न कळवता ऑस्ट्रेलियाला तार केली की, शत्रू आपल्या पिछाडीने शहरात शिरला तर व्यर्थ प्राणहानी टाळण्यासाठी आपण आपल्या सैन्यापुरती शरणागती पत्करू. आपल्या वरिष्ठाला अंधारात ठेवून सैन्याच्या एका हिश्श्याची वेगळी शरणागती ठरवणे ही, माझ्या मते, १५ तारखेच्या रात्रीपेक्षाही गंभीर गोष्ट आहे, कारण इतर सेनापती आपल्या बगला ऑस्ट्रेलियनांनी सांभाळल्या आहेत या भरवशावर लढत होते.

१३ फेब्रुवारीच्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. शेवटच्या जहाजांवर काही निवडक तज्ज्ञ आणि अधिकारी यांना बाहेर पाठवण्याची परवानगी पर्सिव्हल यांनी दिली, आणि ऑस्ट्रेलियन डिव्हिजनमधूनही काही लोक अधिकृतपणे निघाले. त्यांच्यातलाच एखादा जपानी डावपेचांचा सविस्तर अहवाल घेऊन जाऊ शकला असता. बेनेट यांनी पुढे आपल्या जाण्याचे जे मुख्य कारण सांगितले, ते हेच की जपान्यांशी लढण्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता, पुढचे संकट ऑस्ट्रेलियावर येणार होते आणि तो अनुभव देशाच्या कामी आणणे हे त्यांचे कर्तव्य होते. कारण खोटे नव्हते. मलायात जपानी सैन्य रस्ता सोडून बाजूने कसे वळसा घालते, सायकलींवरून किती वेगाने येते, पिछाडीला अडथळे कसे उभारते, हे ऑस्ट्रेलियातल्या कोणाही वरिष्ठ अधिकाऱ्याला प्रत्यक्ष ठाऊक नव्हते. पण ज्ञान पाठवण्याचा परवानगीचा मार्ग दोन दिवसांपूर्वी उघडा होता, ही गोष्ट त्या युक्तिवादाच्या मुळावर येते.

१५ तारखेच्या सकाळी फोर्ट कॅनिंग येथील बैठकीत पर्सिव्हल यांनी प्रतिहल्ल्याचा विचार मांडून पाहिला. भारतीय कोअरचे सेनापती लुइस हीथ आणि बेनेट या दोघांनीही तो अशक्य ठरवला, आणि शरणागतीचा निर्णय सर्वानुमते झाला. छावणीत परतल्यावर बेनेट यांनी सैनिकांना नवे कपडे आणि दोन दिवसांचा शिधा वाटण्याची व्यवस्था केली, आणि सर्वांनी दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत आपापल्या जागी राहावे असा हुकूम दिला. गटागटाने निसटून जाण्याची कल्पना पुढे आली होती, तीही त्यांनी नाकारली. गोंधळ उडाला तर जपानी बदला घेतील ही भीती रास्त होती. यातली विसंगती त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही टाळता येत नाही. त्या संध्याकाळी जो हुकूम पंधरा हजारांना लागू होता, तो हुकूम देणाऱ्याला लागू नव्हता.

प्रवास आणि स्वागत

बरोबर होते मेजर चार्ल्स मोझेस, जे युद्धापूर्वी ऑस्ट्रेलियन नभोवाणीचे सरव्यवस्थापक होते, आणि बेनेट यांचे वैयक्तिक सहायक अधिकारी लेफ्टनंट गॉर्डन वॉकर. किनाऱ्यावर होडी मिळेना, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने पोहत जाऊन एक संपान, म्हणजे छोटी होडी, आणली. सोबत मिळालेल्या काही मळेवाल्यांसह ते एका मोठ्या शिडाच्या नावेवर चढले, सुमात्राला पोहोचले, जांबीमार्गे बेट आडवे ओलांडून पाडांगला आले आणि तिथून विमानाने जावा गाठले. २७ फेब्रुवारीला ते ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरात उतरले. प्रवास धोक्याचा होता, यात शंका नाही. त्याच दिवसांत त्याच समुद्रात सिंगापूरहून निघालेली कित्येक जहाजे बुडवली गेली आणि बांगका बेटावर एकवीस ऑस्ट्रेलियन परिचारिकांना जपान्यांनी गोळ्या घातल्या.

मेलबर्नमध्ये लष्करप्रमुख स्टर्डी यांनी त्यांचे थंडपणे स्वागत केले आणि ही पलायनाची कृती शहाणपणाची नव्हती असे सुनावले. पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी मात्र जाहीर निवेदन काढून बेनेट यांच्यावर विश्वास व्यक्त केला. ते शेवटपर्यंत सैनिकांसोबत राहिले, शरणागतीचे सोपस्कार त्यांनी पूर्ण केले आणि मगच निसटण्याचा धोका पत्करला, असे त्यात म्हटले होते. देशाला त्या आठवड्यात एखादा परतलेला योद्धा हवा होता. डार्विनवर १९ फेब्रुवारीला बाँब पडले होते, जावा कोसळत होते. सरकारच्या त्या निवेदनाला राजकीय गरजेचा वास आहे, पण ते सरकारचे अधिकृत मत होते, आणि पुढे ज्या अधिकाऱ्यांनी बेनेट यांची चौकशी केली त्यांना ते पुसून टाकता आले नाही.

लष्कराच्या आतली प्रतिक्रिया वेगळी होती. मार्च १९४२ मध्ये काही वरिष्ठ अधिकारी लष्करमंत्र्यांना भेटले आणि पन्नाशी ओलांडलेल्या सेनापतींना निवृत्त करून नेतृत्व तरुण माणसाकडे द्यावे, असे त्यांनी सुचवले. सर्वोच्च पद बेनेट यांना मिळेल ही धास्ती त्यामागे होती. ब्लेमी मध्यपूर्वेतून परतले, सरसेनापती झाले आणि तो प्रश्न मिटला. एप्रिलमध्ये बेनेट लेफ्टनंट जनरल झाले खरे, पण पश्चिम ऑस्ट्रेलियातील ३ ऱ्या कोअरवर त्यांची नेमणूक झाली, जिथे जपानी कधी आलेच नाहीत. न्यू गिनीच्या जंगलात जे लढले त्यांचे नेतृत्व इतरांनी केले. १९४३ मध्ये आता आघाडीवर संधी मिळणार नाही हे स्पष्ट झाले, आणि मे १९४४ मध्ये त्यांनी सक्रिय सेवा सोडली. त्याच वर्षी सिंगापूरच्या पाडावावर त्यांचे पुस्तक निघाले.

या प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट मला इथे दिसते. जे ज्ञान देशाला देण्यासाठी आपण सैन्य सोडले असे ते म्हणत होते, ते ज्ञान वापरण्याची संधी त्यांना मिळाली नाही, आणि ती न मिळण्याचे एक मोठे कारण त्यांनी सैन्य सोडले हेच होते. त्याआधीच्या वीस वर्षांत त्यांनी जी माणसे दुखावली, ती माणसेच आता निर्णय घेणारी होती. त्यांना नकार देण्यासाठी एक सबळ निमित्त बेनेट यांनी स्वतःच्या हाताने दिले.

दोन चौकश्या

ऑगस्ट १९४२ मध्ये जपान्यांनी लेफ्टनंट कर्नलपेक्षा वरच्या हुद्द्याच्या सर्व कैदी अधिकाऱ्यांना सिंगापूरच्या चांगी येथील कैदी छावणीतून फॉर्मोसाला (आजच्या तैवानला) हलवले. पर्सिव्हल आणि कॅलहन त्यांत होते. चांगीतील ऑस्ट्रेलियनांची सूत्रे लेफ्टनंट कर्नल फ्रेडरिक गॅलेगन यांच्याकडे आली आणि त्यांनी कडक शिस्तीने माणसे एकत्र ठेवली. बेनेट राहिले असते तर सैनिकांचे हाल कमी झाले असते, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे की ते फार तर सहा महिने त्यांच्यासोबत राहिले असते. कैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर आणि बोर्निओतील सँडकानच्या छावणीत जे घडले ते कोणत्याही जनरलला टाळता आले नसते. जपानी कैदेत गेलेल्या सुमारे बावीस हजार ऑस्ट्रेलियनांपैकी आठ हजारांच्या आसपास मृत्युमुखी पडले. तरीही हा हिशेब बेनेट यांना मोकळे करत नाही, कारण १५ फेब्रुवारीच्या रात्री ऑगस्टमध्ये काय होणार हे कोणाला ठाऊक नव्हते. ठाऊक एवढेच होते की उद्या सकाळी जपानी येतील आणि त्यांच्यासमोर उभे राहण्यासाठी डिव्हिजनला कोणीतरी वडीलधारा लागेल.

पर्सिव्हल यांनी कैदेत असतानाच पत्र लिहून नोंदवले होते की बेनेट यांनी आपल्या परवानगीशिवाय सेनापतिपद सोडले. युद्ध संपल्यावर ते पत्र कॅलहन यांच्या हस्ते ऑस्ट्रेलियात पोहोचले. ब्लेमी यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये लष्करी चौकशी न्यायालय नेमले. अध्यक्ष लेस्ली मॉर्सहेड, सदस्य जॉर्ज वूटन आणि व्हिक्टर स्टँटके. इथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. बेनेट यांच्या पाठीराख्यांनी ही चौकशी म्हणजे कायमस्वरूपी अधिकाऱ्यांनी उगवलेला सूड मानली. परंतु उत्तर आफ्रिकेतील तोब्रुकचे संरक्षण करणारे मॉर्सहेड हे मूळचे शिक्षक आणि बेनेट यांच्यासारखेच नागरी सेनेतून वर आलेले होते. नागरी सेना विरुद्ध कायमस्वरूपी सेना या जुन्या चष्म्यातून सगळेच दिसत नाही.

चौकशीच्या पद्धतीविषयी बेनेट यांची तक्रार मात्र बिनबुडाची नव्हती. काम बंद दाराआड चालले होते, आणि आपल्या अब्रूचा प्रश्न असल्याने सर्व साक्षी ऐकण्याचा आपला हक्क आहे असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, तेव्हा ते आपल्या वकिलासह उठून गेले. न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत ठरवले की सेनापतिपद सोपवून निघून जाणे समर्थनीय नव्हते. यावर मोठा गहजब झाला, आणि बेनेट यांच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज उठला तो कैदेतून परतलेल्या ८ व्या डिव्हिजनच्या सैनिकांचाच. ज्यांना सोडून गेल्याचा आरोप होता, त्यांच्यापैकी अनेकांना तक्रार नव्हती.

कर्टिन जुलै १९४५ मध्ये वारले होते. नवे पंतप्रधान बेन चिफली यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाचे न्यायमूर्ती जॉर्ज लिगर्टवुड यांचा रॉयल कमिशन, म्हणजे न्यायालयीन आयोग, नेमला. लिगर्टवुड यांच्यापुढे प्रश्न बारीक होता. युद्धकैद्याला निसटण्याचा प्रयत्न करण्याची मुभा असते, किंबहुना ते त्याचे कर्तव्य मानले जाते. मग निघताना बेनेट युद्धकैदी झालेले होते का? लिगर्टवुड यांचे उत्तर होते की, नाही. त्यांच्या मते गोळीबार थांबला तरी शरणागती पूर्ण झालेली नव्हती. सैन्य जपान्यांच्या ताब्यात प्रत्यक्ष जाईपर्यंत सेनापतीची जबाबदारी संपत नाही, आणि म्हणून बेनेट यांचे जाणे समर्थनीय ठरत नाही. त्याचबरोबर त्यांनी स्पष्ट केले की बेनेट यांच्या धैर्यावर कोणताही डाग नाही आणि देशाविषयीच्या आपल्या कर्तव्याच्या समजुतीतूनच त्यांनी हे केले. १९४८ मध्ये एका लष्करी कायदेपंडिताने कायद्याच्या नियतकालिकात नेमकी उलट बाजू मांडली. साडेआठनंतर शरणागती अमलात आलेली होती, तेव्हा बेनेट यांच्या कृत्यात कायद्याचा भंग नव्हता, असे त्याचे मत होते.

वकिलांचा हा वाद समजण्यासारखा असला, तरी घड्याळाच्या काट्यावर प्रकरण तोलणे मला पटत नाही. प्रीतम सिंग या भारतीय अधिकाऱ्याने सहकाऱ्यांबरोबर सिंगापूरच्या कैदेतून निसटून भारत गाठला. त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला आणि पुढे १९४७-४८ मध्ये वेढलेल्या पूँछचे त्यांनी रक्षण केले. त्यांच्याविषयी असा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ते कैदी होते आणि त्यांच्या हाती कोणाचे नेतृत्व उरले नव्हते. डग्लस मॅकआर्थर मार्च १९४२ मध्ये आपले सैन्य फिलिपिन्समध्ये सोडून ऑस्ट्रेलियात आले, पण ते राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावरून. त्याच महिन्यात जावामध्ये शरण गेलेल्या ऑस्ट्रेलियन तुकडीचे प्रमुख ब्रिगेडियर आर्थर ब्लॅकबर्न, जे पहिल्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते, ते आपल्या माणसांसोबत कैदेत गेले. हीथही गेले. या उदाहरणांशेजारी बेनेट यांना उभे केले की फरक तासांचा उरत नाही. तो विचारण्याचा उरतो. त्यांच्यापाशी आपल्या सरकारशी थेट बोलण्याचा हक्क होता, आणि शरणागतीविषयी तार करण्यासाठी त्यांनी तो वापरलाही होता. त्याच तारेत, किंवा जानेवारीअखेर सुलतानाशी बोलण्याऐवजी, ते कर्टिन यांना विचारू शकले असते की वेळ आल्यास मी यावे का. सरकार हो म्हणाले असते अशी शक्यता मार्चच्या निवेदनावरून मोठी वाटते. तसे झाले असते तर पर्सिव्हल यांच्या पत्राला अर्थ उरला नसता. बेनेट यांनी विचारले नाही, कारण नकार ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती. निर्णय आधीच झालेला होता.

बेनेट यांच्यावर कोणताही खटला भरला गेला नाही, त्यांचा हुद्दा वा सन्मानही काढून घेतला गेला नाही. सिडनीच्या वायव्येला ग्लेनोरी येथे त्यांनी फळबाग केली, कंपन्यांच्या संचालक मंडळांवर काम केले आणि वृत्तपत्रांतून लष्करी विषयांवर लिहीत राहिले. १ ऑगस्ट १९६२ रोजी ते वारले. ज्यांच्या हाती त्यांनी त्या रात्री डिव्हिजन दिली ते सेसिल कॅलहन फॉर्मोसा आणि मंचूरियातील कैद भोगून खंगलेल्या अवस्थेत परतले होते. डिसेंबर १९४१ मध्ये बेनेट मध्यपूर्वेच्या दौऱ्यावर असतानाही युद्धाला तोंड फुटले तेव्हा डिव्हिजन तात्पुरती त्यांनीच सांभाळली होती.